ढब्बूच्या ताटलीतली वजावट

वजनमापे निरीक्षकाच्या पदावरून सन्मानाने निवृत्त झालेल्या माणसाच्या घरातला बोका जिन्याच्या प्रत्येक वळणावर दम खायला बसू लागतो, ही गोष्ट त्या माणसाला आपल्या साऱ्या सेवेवर मारलेला शेरा वाटली, तर त्यात नवल नाही. उभी हयात त्याने इतरांच्या तागड्या तपासण्यात घालवली होती. पारड्याच्या तळाला चिकटवलेले मेण, आतून पोखरून पुन्हा बुजवलेले वजन, माप भरताना कडेला हलकेच टेकणारा अंगठा, यांतले काहीही त्याच्या नजरेतून सुटले नव्हते. आणि या दीर्घ अभ्यासातून त्याने मानवजातीविषयी एक सिद्धान्त काढला होता. माणूस तोंडाने सांगतो ते वजन आणि पारड्यात असते ते वजन यांत फरक असतोच, तो सांगणाऱ्याच्या फायद्याचा असतो, आणि शहाण्याने तो मनातल्या मनात वजा करून मोकळे व्हावे. विचारत बसू नये. विचारले की समोरचा सावध होतो. बाजारात हा सिद्धान्त बहुतेक वेळा खरा ठरला. एवढ्या भांडवलावर त्याने तो घरीही आणला.

घर तिसऱ्या मजल्यावर होते. त्यात तो, त्याची बायको, बोटीवर नोकरी करणाऱ्या मुलाची बायको आणि त्याची थोरली बहीण अक्का असे चौघे राहत. नवरा गेल्यावर अक्का दोन ट्रंका आणि एक राखी बोका घेऊन भावाकडे आली. तेव्हा त्या बोक्याला कंबर होती. पुढे ती गेली, तिच्यामागून त्याचे मूळ नावही गेले, आणि सगळे त्याला ढब्बू म्हणू लागले.

ढब्बू आपोआप ढब्बू झाला नव्हता. सकाळी दूध तापले की निरीक्षकाची बायको सायीचा पापुद्रा बोटावर उचलून त्याच्यापुढे धरी. सून मासे साफ करताना शेपटीकडचे तुकडे उकडून बाजूला काढी. अक्का आपल्या अंड्यातला बलक त्याला देई आणि पांढरे आपण खाई. का, तर बलक आपल्याला पचत नाही. प्रत्येकीची ठाम समजूत अशी, की या घरात मुक्या जिवाची काळजी असलेली आपण एकटीच, बाकीच्या दोघींचा हात आखडता. निरीक्षकाला हे तिन्ही चोरमार्ग ठाऊक होते. आपण स्वतः न्याहारीला बसलो की लोणी लावलेल्या पावाचा कोपरा टेबलाखाली सोडतो, ही चौथी वाट मात्र त्याने तपासणीत कधी धरली नाही.

मग ढब्बूला पाठ चाटता येईना. कमरेवरच्या केसांच्या गाठी झाल्या. अक्काच्या पलंगावर उडी मारणे त्याने सोडून दिले. पुढचे दोन पाय कडेला टेकून तो तिच्याकडे बघत उभा राही, आणि ती मागून रेटा देऊन त्याला वर घेई. एके दिवशी तिच्या मनगटात लचक भरली. तेव्हा भाऊ-बहीण त्याला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात गेले.

"हा बोका आहे की लोड?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"हाड मोठं आहे हो त्याचं," अक्का म्हणाली.

"आजी, हाड हाताला लागलं, की मोठं का लहान ते ठरवू. मला अजून बरगडी सापडायची आहे."

तपासून झाल्यावर मात्र बाईंचा आवाज बदलला. साखरेचा आजार उंबरठ्यावर उभा होता, मागच्या पायांचे सांधे आत्ताच कुरकुरू लागले होते. त्यांनी कोरड्या खाण्याचे एक माप काढून दिले. दिवसभरात एवढेच, पण थोडे थोडे करून. ताटली रोज एकाच जागी ठेवायची नाही, त्याला चार पावले शोधू द्यायची. दोरी ओढून खेळवायचे. बाकी कुणी काही द्यायचे नाही.

"वजन हळू उतरलं पाहिजे. इतकं हळू, की तुम्हालाच कंटाळा येईल."

"निम्मंच दिलं तर लवकर नाही का आटपणार?" निरीक्षकाने विचारले.

"आटपेल की. बोकाच आटपेल." बाईंनी हातमोजे काढले. "काका, जाड मांजराला उपाशी ठेवायचं नसतं. खाणं एकदम तोडलं, की अंगातली चरबी सुटते आणि यकृतात जाऊन बसते. मग त्याची भूकच मरते. खात नाही म्हणून आणखी चरबी साचते. तेव्हा ताटली तशीच टाकून तो उठला, तर उद्या बघू म्हणायचं नाही. त्याच दिवशी इथे आणायचं."

निरीक्षकाने मान डोलावली. त्याची स्मरणशक्ती उत्तम होती, हे मान्य केले पाहिजे.

परतताना जिन्यात अक्का टोपली खाली ठेवून पायरीवर बसली.

"बाळ्या, हे तू हातात घे. माझ्याच्यानं व्हायचं नाही. त्यानं एकदा मान वर करून बघितलं, की माझा निश्चय पातळ होतो."

"मग घेतलं. पण कुणी मध्ये लुडबुड करायची नाही."

"नाही करणार." ती टोपलीच्या फटीतून बोट घालून बोक्याचे कपाळ खाजवीत होती. "सकाळी जाग आली, की आजचा दिवस कशासाठी उजाडला, असं वाटतं मला. तेवढ्यात हा छातीवर पाय देतो आणि ओरडतो. मग उठावंच लागतं. तेव्हा नीट कर हं, बाळ्या. हा गेला तर मला उठवणारं कोणी नाही."

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर निरीक्षकाने सभा भरवली. त्याने आरोप वाचून दाखवावेत तशी साय, मासा आणि बलक ही तीन नावे घेतली.

"मी? मी कधी दिली साय?" बायको म्हणाली.

"आई, मग रोज ती जाते कुठे?" सुनेने विचारले.

"तुझे मासे जातात तिथेच."

अक्का हसू लागली, मग तिघीही हसल्या, आणि त्या हसण्यात तीन गुन्ह्यांची कबुली एकदम होऊन गेली. यापुढे काही देणार नाही, असे तिघींनी सांगितले. बायकोने चेष्टेने हात वर केला. "साहेब, दुकान बंद. पाहिजे तर कुलूप ठोका."

कुलूप त्याने ठोकलेच. खाण्याचा डबा स्वतःच्या कपाटात ठेवला, किल्ली जानव्याला अडकवावी तशी कायम अंगावर वागवू लागला, आणि पहिल्याच सकाळी, आपल्या लहानशा पितळी तराजूसमोर बसून, त्याने सेवेतला जुना हिशेब मांडला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले माप हे कुणी चोरून काही देत नाही असे धरून सांगितलेले होते. पण असे घर पृथ्वीतलावर कुठे असते? साय जाणारच. मासा जाणारच. अक्काचा निश्चय पातळ होतो, हे तर तिने स्वतःच सांगितले होते. म्हणजे बोक्याच्या पोटात बाईंचे माप अधिक तिघींची चोरी एवढे पडणार. तेव्हा त्याने चोरीचा अंदाज केला, तो मापातून वजा केला, आणि उरले ते ताटलीत घातले. ते निम्म्यालाही थोडे कमी होते. स्वतःचा पावाचा कोपरा त्याने प्रामाणिकपणे बंद केला, आणि या त्यागाबद्दल त्याला बरेही वाटले.

हे त्याने कुणालाही सांगितले नाही. धाड घालायला निघालेला अधिकारी पेठेत दवंडी पिटतो काय?

इथे नोंदवण्याजोगी एकच गोष्ट आहे, आणि ती अशी, की तिघीही खरे बोलल्या होत्या. सायीचा पापुद्रा आता बायको स्वतः खात होती, आणि तोंड वाकडे करून खात होती. सुनेने मासे आणणेच बंद केले होते. अक्काने अंडी सोडली होती. आयुष्यभर लबाडी पकडणाऱ्या माणसाच्या आयुष्यात एकदाच, स्वतःच्या छपराखाली, तीन माणसे एकाच वेळी प्रामाणिक झाली. आणि ती घटना त्याच्या नजरेस पडली नाही, कारण तिच्यासाठी त्याच्याजवळ मापच नव्हते.

वजन भराभर उतरले. पहिल्या काही आठवड्यांत ढब्बूची मान पुन्हा दिसू लागली. शेजारी कौतुक करू लागले. निरीक्षक जिन्यात त्याला उचलून धरून दाखवी, आणि "शिस्त" एवढा एकच शब्द उच्चारी. दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"हे जरा जास्तच लवकर झालं. मी दिलेल्या मापानंच देताय ना?"

"तोलून देतो," तो म्हणाला. "ग्रॅमचाही फरक पडू देत नाही."

"मग थोडं वाढवा. आणि चार दिवसांनी पुन्हा आणून दाखवा."

त्याने वाढवले नाही. बाई हुशार होत्या, पण त्यांना त्याच्या घरातल्या बायका कुठे ठाऊक होत्या? चार दिवसांनी नेलेही नाही. इतक्या चांगल्या प्रगतीत उगाच ढवळाढवळ कशाला?

ढब्बू आधी रडत असे. कपाटासमोर बसून लांब सूर काढी, आणि बायको म्हणे, "अहो, बघवत नाही हो. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं पुरतंय ना त्याला?" आणि तो म्हणे, "पुरतंय. सवय मोडताना कुणीही रडतं." मग रडणे थांबले. निरीक्षकाने तो विजय मानला. अक्का दोरी ओढत खोलीभर फिरे, ढब्बू डोळ्यांनी तिच्यामागे जाई आणि जागचा हलत नसे. मग एके सकाळी त्याने ताटलीचा वास घेतला, तोंड फिरवले, आणि जाऊन पलंगाखाली बसला.

त्या क्षणी कुणीही सामान्य माणूस, ज्याने डॉक्टरीणबाईंचे बोलणे अर्ध्या कानाने जरी ऐकले असेल, तो टोपली शोधायला धावला असता. निरीक्षक सामान्य नव्हता. भरलेली ताटली पाहून त्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले. पुरावा! इतके दिवस ज्याचा केवळ अंदाज होता, तो माल आज हाती लागला. पोट भरल्याशिवाय बोका खाणे टाकतो काय? म्हणजे कुणीतरी पोट भरले. वजन तर घटतच होते, आणि चोरून खाणाऱ्याचे वजन घटत नाही, हे त्याच्या तर्कशास्त्रात बसायला हवे होते. पण त्याने तेही बसवून दिले: आपण होतो म्हणून घटले, नाहीतर केवढे वाढले असते! ज्याला प्रत्येक वस्तुस्थिती आपल्याच बाजूची साक्षीदार वाटते, त्याला अडवायला वस्तुस्थिती अपुरी पडते.

"बाळ्या, हा खात नाहीये," अक्का म्हणाली. "दवाखान्यात नेऊ या."

"खातोय."

"अरे, ताटली बघ की."

"ताटली बघूनच म्हणतोय. कुठंतरी खातोय, म्हणून इथे खात नाही."

"कुठं खातोय?"

"ते मी बघतो."

आणि तो बघू लागला. दुधाच्या पातेल्यावरचे झाकण किती तिरके ठेवले आहे, ते हेरून ठेवले. अंडी मोजली. सुनेच्या हाताला धुवायच्या आधी कसला वास येतो, याचा अंदाज घेण्यासाठी तिच्याकडून विनाकारण तीनदा पाण्याचा पेला मागितला.

"घरात धाड घालायची हौस अजून फिटली नाही वाटतं," बायको म्हणाली.

"धाड कसली? पाणी प्यायलो."

"तीन पेले? पोट फुटेल."

सुनेला हसू आले नाही. ती खाली बसून पलंगाखाली पाहत होती. "बाबा, त्याचे डोळे कसेतरी दिसतायत."

"नाटकी आहे तो. लाडावलाय."

दुसऱ्या दिवशीही ताटली भरलेली राहिली, तिसऱ्या दिवशीही. निरीक्षकाने खाणे आणखी कमी केले, कारण चोरी उघडच वाढली होती. त्या दुपारी अक्काने ढब्बूला मांडीवर घेतले, त्याचा कान उलटा केला आणि तशीच थांबली. कानाच्या आतली पातळ कातडी पिवळी पडली होती. तिने त्याचा ओठ वर केला. हिरड्याही पिवळ्या होत्या. तिने भावाला काही विचारले नाही. टोपली घेतली, पायात चपला सरकवल्या आणि सुनेला हाक मारली. निरीक्षक मागून गेला. पुरावा आपल्याशिवाय पुढे जाऊ नये, एवढ्याचसाठी.

"कधीपासून खात नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"आज तिसरा दिवस," अक्का म्हणाली.

"बाहेर खातो," निरीक्षक म्हणाला. "घरात कुणीतरी देतं."

बाईंनी ढब्बूच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून वर ओढली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसायला विसरल्यासारखी.

"याच्या पोटात काही नाही, काका. कित्येक दिवस पुरेसं काही गेलेलं नाही. तुम्ही किती देत होतात?"

"तोलून देत होतो."

"किती?"

त्याने आकडा सांगितला. आयुष्यात अनेक दुकानदारांना त्याने असा आकडा उच्चारायला लावला होता, आणि त्या वेळी त्यांच्या मानेची शीर कशी उडते, हे तो बारकाईने पाहत असे.

"मी सांगितलं त्याच्या निम्मंसुद्धा नाही हे," बाई म्हणाल्या.

अक्का भावाकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खरोखरच कळले नव्हते.

"निम्मं? का रे?"

"उरलेलं तुम्ही तिघी देत असणार, असं धरून."

"असं धरून," अक्का म्हणाली.

"मी मासे आणायचेच बंद केले, बाबा," सून म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

पुढचे दिवस बाईंनी आणि अक्काने मिळून लढवले. ढब्बूच्या मानेतून अन्ननलिकेत एक बारीक नळी घातली गेली, आणि पातळ केलेले खाणे पिचकारीने, अगदी सावकाश, तिच्यातून आत जाऊ लागले. फार दिलं तर उलटी, थोडं दिलं तर यकृताला पुरत नाही, असे बाईंनी समजावले. अक्का दवाखान्याच्या बाकावर बसून ते शिकली. निरीक्षक म्हणाला, "दे, मी धरतो पिचकारी. माप मला बरोबर कळतं." अक्काने मान हलवली नाही की वर पाहिले नाही, फक्त पिचकारी दुसऱ्या हातात घेतली, त्याच्यापासून दूरच्या.

मध्ये एक दिवस बरा गेला. ढब्बूने अक्काचे बोट चाटले. सुनेने बोटीवर फोन करून नवऱ्याला सांगितले. निरीक्षकाने बाहेर जाऊन कोपऱ्यावरच्या झाडाला टेकून डोळे पुसले, आणि याच काळात पहिल्यांदा त्याच्या मनात आले, की आपण एका संध्याकाळी, एका वाक्यात, विचारू शकलो असतो: तुम्ही काही देता का? तिघींनी नाही म्हटले असते. ते खरे मानायला काय लागले असते? विश्वासाखेरीज काहीच नाही, आणि नेमका तोच त्याच्याजवळ नव्हता.

त्यानंतर ढब्बू पुन्हा खालावला. एके सकाळी, बाई यायच्या आधीच, अक्काच्या मांडीवर, कसलाही आवाज न करता तो गेला.

घरी आल्यावर ती फक्त एकदाच बोलली, तेही बायकोशी, स्वयंपाकघरात. पण निरीक्षक दारात उभा होता आणि ते तिला ठाऊक होते.

"दुपारी माझ्या दाराशी येऊन रडायचा, वहिनी. नखांनी दार खरवडायचा. घरात अंडी होती, उकडायला कितीसा वेळ लागतो? मी उशी घेऊन कानावर धरली. म्हटलं, शब्द दिलाय, बाळ्या म्हणतो तर त्याच्या भल्याचंच असेल."

"वन्सं, तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

"मी दिलं असतं तर जगला असता. एवढंच म्हणतेय. खोटी निघाले असते, तर जगला असता."

निरीक्षकाने क्षमा मागितली. ती त्याने नीट, पूर्ण वाक्यांत मागितली, आणि अक्का म्हणाली, "बरं." तिने अबोला धरला नाही, ट्रंका भरल्या नाहीत. तिने भांडण केले असते तर त्याला हायसे वाटले असते, पण घरात भांडण असे झालेच नाही. झाले ते वेगळेच. बायको बाजारातून आली, की पिशवी त्याच्यासमोर पूर्ण उघडून ठेवू लागली. सून म्हणू लागली, "बाबा, गॅस बंद केलाय, येऊन बघता का?" यात टोमणा होता की सवय लागली होती, हे त्याला ओळखता येईना, आणि ओळखता न येणे हा अनुभव त्याला नवा होता.

अक्काला आता उशिरा जाग येई. सुनेने दोनदा हाक मारल्यावर ती उठे, भिंतीला धरून बाहेर येई, चहा घेई. रक्तदाबाची गोळी घ्यायची असे. अक्का ती घेई, आणि गोळीचे रिकामे वेष्टन भावाच्या बशीशेजारी ठेवून आत जाई. पहिल्या दिवशी त्याला वाटले, चुकून राहिले. मग ते रोजचेच झाले. एका सकाळी त्याने ते वेष्टन उचलून तिच्यामागे नेले.

"अक्का, हे कशाला? मी विचारलं नव्हतं."

अक्का पलंगाच्या कडेला बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात लहानपणी त्याला शाळेत पोचवणारी बहीण कुठेतरी अजून होती, म्हणून ते अधिकच असह्य झाले.

"तेव्हाही तू विचारलं नव्हतंस, बाळ्या," ती म्हणाली. "म्हणून आता आधीच दाखवते."

तो दारात उभा राहिला. आपल्याला तिचे खरे वाटते, हे त्याला सांगायचे होते. पण ते तिला पटावे म्हणून पुढे ठेवण्याजोगे त्याच्याजवळ काही नव्हते. बाहेरून सुनेने विचारले, चहा गार होतोय, झाकून ठेवू का. "ठेव," तो म्हणाला, आणि तरीही तिथेच उभा राहिला.